न मोजता झालेली वाटणी

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा मी नववीत होते. सहामाही नुकतीच संपलेली, दिवाळीला आठेक दिवस होते, आणि सोप्यात घरातली सगळी भांडी मांडून ठेवली होती. तांब्याचे हंडे, पितळी परात, घंगाळ, देवाची ताम्हनं, अगदी पोळपाट-लाटणंसुद्धा. दोन ढीग, एक वडलांचा आणि एक काकांचा. आज्जी भिंतीला टेकून बसलेली, मधेच म्हणायची "ती परात माझ्या माहेरची हाय" आणि मग ती परात या ढिगातून त्या ढिगात जायची. जमिनीचं आधीच झालं होतं, मोजणीवाले येऊन गेले होते, हद्दीचे दगड रोवून झाले होते, विहीर सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या ठरल्या होत्या. आत्याचं हक्कसोडपत्र तर त्याच्याही आधी, ती सकाळच्या एसटीने आली, सही केली, आईने ओटी भरली, संध्याकाळच्या एसटीने गेली. हंडे सात निघाले. तीन-तीन झाले आणि सातवा कुणाला द्यायचा यावरून जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही, तो हंडा माळ्यावर गेला आणि आजतागायत तिथंच आहे.

मी आतल्या खोलीत विज्ञानाचं पाठ करत होते. आदिकेंद्रकी पेशीत पटलवेष्टित अंगके नसतात. म्हणजे आपल्या पेशीत कशा वेगवेगळ्या खोल्या असतात, केंद्रकाला भिंत, तंतुकणिकेला भिंत, तसलं काही जिवाणूत नाही. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, पिशवी आहे नुसती, आत सगळं कालवलेलं. पुढे बीएस्सी केलं, कोल्हापूरला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं, आता पंधरा वर्षं एका कंपनीच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासायच्या लॅबमध्ये प्लेटवरच्या कॉलन्या मोजते, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं माझ्याही डोक्यात जिवाणू म्हणजे तीच कालवलेली पिशवी होती. शिकलेलं बदलत नाही पटकन.

मग दोनेक वर्षांपूर्वी रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर काहीबाही वाचत बसले होते तर एक फोटो दिसला. सिनेकोकॉकस इलाँगेटस नावाचं सायनोबॅक्टेरियम, म्हणजे आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्या घराण्यातला, काडीसारखा आकार, लांबी जेमतेम तीनेक मायक्रोमीटर, एका मिलिमीटरमध्ये तीनशे रांगेने झोपतील. आणि त्या काडीच्या आत चमकणारे ठिपके, एका ओळीत, सारख्या अंतरावर. कुणी पट्टी लावून मांडल्यासारखे. मी उठून बसले.

ते ठिपके म्हणजे कार्बॉक्सीझोम. पहिल्यांदा दिसले १९५६ मध्ये, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, तेव्हा नुसते कोनाकोनाचे डाग म्हणून, हे नक्की काय असावं ते कळेना. १९७३ मध्ये शिव्हली आणि मंडळींनी गंधकावर जगणाऱ्या एका जिवाणूतून ते वेगळे काढले तेव्हा कळलं की आत रुबिस्को नावाचं एन्झाइम ठासून भरलंय, आणि कार्बॉक्सीझोम हे नाव पडलं. भिंत आहे, पण पुस्तकातल्या व्याख्येत बसणारी नाही, चरबीचं पटल नाहीच, सगळी प्रथिनांची. षटकोनी फरशा एकमेकींना चिकटवून केलेला वीस बाजूंचा डबा, विषाणूच्या कवचासारखा, साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचा. म्हणजे "पटलवेष्टित अंगके नसतात" हे वाक्य अजूनही बरोबरच आहे, फक्त त्यातून जो अर्थ आम्ही काढला तो चुकीचा होता.

हा डबा कशाला लागतो ते सांगायला रुबिस्कोबद्दल थोडं वाईट बोलावं लागेल. जगातला जवळजवळ सगळा सजीव कार्बन हवेतून पकडून आणणारं हे एन्झाइम, आणि स्वभाव म्हणाल तर सरकारी टेबलावर फाईल बसते तसा. सेकंदाला मोजक्या, काही थोड्याच रिअ‍ॅक्शन. वर गोंधळ असा की कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडतं, भातासारख्या पिकात दर तीन-चार बरोबर पकडींमागे एक चुकीची, आणि ती चूक निस्तरायला वनस्पतीला पुन्हा ऊर्जा घालवावी लागते. सायनोबॅक्टेरियाने यावर काढलेली तोड म्हणजे हा डबा. बाहेरून बायकार्बोनेट पंप करून पेशीत भरायचं, ते डब्यात शिरलं की आत बसलेलं दुसरं एन्झाइम त्याचा कार्बन डायऑक्साइड करतं, तो डब्यातून सहजी बाहेर पडत नाही, आणि रुबिस्कोच्या भोवती इतकी गर्दी होते की चुकायला वावच उरत नाही. रुबिस्कोला सुधारायच्या भानगडीत न पडता त्याच्या भोवतीचं वातावरण बदललं. सासरी आलेल्या सुनेला सुधारायला निघालेल्यांनी वाचावं असं आहे हे, असो.

पण मला उठून बसवलं ते डब्याने नव्हे, ओळीने. ती ओळ कोण लावतं?

हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये सॅव्हेज, अफोन्सो, चेन आणि पॅमेला सिल्व्हर यांनी हे २०१० मध्ये 'सायन्स' नावाच्या नियतकालिकात छापलं होतं, मला कळायला बरीच वर्षं गेली तो भाग वेगळा. त्यांनी डब्यांना चमकणारं प्रथिन जोडलं आणि पेशी विभागताना बघत बसले. पेशी दोन होताना डबे दोन्हीकडे जवळजवळ सारखे जातात. मग त्यांनी एक जनुक बिघडवलं आणि ओळ मोडली, डबे कुठेही पडले, काही लेकींना भरपूर मिळाले आणि काहींना एकही नाही. ज्यांना एकही नाही मिळाला त्यांची वाढ मंदावली, कारण आधी नवा डबा बांधायचा आणि मग संसार सुरू. (लेकी हा माझा शब्द नाही हां, इंग्रजीत खरंच 'डॉटर सेल' म्हणतात, जिवाणूत हक्कसोडपत्र नसतं म्हणून असेल.)

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं आत काहीतरी दोर असणार, दोन टोकांकडून ओढणारे, जसे आपल्या पेशीत गुणसूत्रं ओढणारे धागे असतात. तसं काही सापडलं नाही. खरी गंमत २०१८ मध्ये आली, मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांतल्या लोकांनी, मॅकक्रेडी, वेकियारेली, ड्यूकॅट वगैरे मंडळींनी, दोन प्रथिनांची जोडी पकडली, एमसीडी-ए आणि एमसीडी-बी. नावाचा अर्थच कार्बॉक्सीझोमची वाटणी सांभाळणारी. मी तो वाचून एकटीच हसले रात्री दोन वाजता.

ही जोडी काय करते ते समजायला मला आमच्या वस्तीवरच्या एका म्हातारीच्या शेळ्या आठवाव्या लागल्या. उन्हाळ्यात ती त्यांना माळावर सोडून द्यायची आणि स्वतः बाभळीखाली डुलक्या घ्यायची. तासाभराने बघितलं तर शेळ्या माळभर पसरलेल्या, एकमेकींपासून बऱ्यापैकी सारख्या अंतरावर, कुणी हाकललं नाही, कुणी मोजलं नाही. कारण साधं आहे, शेळी उभी असते तिथलं गवत संपवते आणि जिकडे गवत आहे तिकडे एक पाऊल टाकते, दोन शेळ्या जवळ आल्या की त्यांच्या मधलं गवत दोघी मिळून लवकर संपवतात, मग दोघींनाही आपापल्या बाहेरच्या बाजूला जावं लागतं. भांडण नाही काही नाही.

पेशीत माळ म्हणजे डीएनए. जिवाणूचा डीएनए पिशवीत मधोमध पसरलेला असतो, त्यावर एमसीडी-ए गवतासारखं उगवलेलं असतं, एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू धरून डीएनएला चिकटलेलं. डब्याच्या अंगावर एमसीडी-बी, ते शेळीचं तोंड. बीने एला स्पर्श केला की एच्या हातातला एटीपी फुटतो आणि ए डीएनएवरून सुटतं. हे गवत जरा विचित्र आहे, खाल्लं तरी मरत नाही, थोडा वेळ भटकतं, नवा एटीपी पकडतं आणि माळावर कुठेही परत रुजतं. पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ फार महत्त्वाचा, कारण तेवढ्या वेळात डब्याच्या पायाखाली मोकळी जागा झालेली असते. डबा तसा आपला आपण थरथरत असतोच, उष्णतेने सगळंच थरथरतं, त्या थरथरीत तो मोकळ्या बाजूकडून गर्दीच्या बाजूकडे जरा सरकला की तिथलं ए त्याला धरून ठेवतं, आणि मग तेही सुटतं. असा धरत-सोडत जातो. ढकलणारं इंजिन असं कुठे नाहीच. ऊर्जा खर्च होते ती फक्त गवत सोडवायला.

हे नुसतं बोलणं वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगते. याच घराण्यातल्या दुसऱ्या एका जोडीवर वेकियारेली आधी अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत कियोशी मिझुउची यांच्या लॅबमध्ये काम करत होता. तिथे त्यांनी काचेवर डीएनएचा गालिचा अंथरला, त्यावर एटीपीवालं प्रथिन सोडलं आणि जोडीदार प्रथिन लावलेले चुंबकीय मणी ठेवले. पेशी नाही, जिवाणू नाही, काच आणि मणी. चुंबकाने मण्यांना काचेजवळ धरून ठेवलं की ते मणी आपले आपण चालायला लागले, मागे रिकामा पट्टा सोडत. २०१४ मध्ये हे छापलं. मला हा प्रयोग सगळ्यात आवडतो, कारण यात जीव काढून टाकलाय आणि तरी शेळी चरतेय.

इतका खटाटोप कशासाठी, डबा सोडून दिला पिशवीत तर तरंगत जाईल की कुठेतरी, असं मलाही वाटलं होतं. छोट्या प्रथिनांचं तसं चालतं, ती सेकंदाभरात या टोकाहून त्या टोकाला जातात. पण येल विद्यापीठात क्रिस्टीन जेकब्स-वॅग्नर यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की मोठ्या वस्तूंसाठी जिवाणूचा आतला भाग पाण्यासारखा राहतच नाही, काचेसारखा होतो, मोठी वस्तू जिथे आहे तिथे अडकते. पेशीची चयापचय क्रिया चालू असेल तर सगळं जरा ढिलं होतं, पेशी निपचित पडली की घट्ट. गर्दीच्या लोकलसारखं, उंदीर पायातून निघून जाईल, माणसाला डब्यातले लोक हलले तरच हलता येतं. एमसीडीची जोडी काढून टाकली तर कार्बॉक्सीझोम एकमेकांना चिकटून गोळा होऊन बसतात, आणि २०२१ मध्ये दिसलं की अशा पेशी हळू वाढतात, लांबट होतात, रुबिस्कोही कमी होतं त्यांच्यात. म्हणजे डबा असून चालत नाही, डबा योग्य जागी असावा लागतो.

चुकीच्या जागी वाटणी झाली तर काय होतं हे ई. कोलायने, म्हणजे आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूने, फार आधी दाखवलंय. १९६७ मध्ये अमेरिकेत ओक रिजला ॲडलर आणि सहकाऱ्यांना असे म्युटंट, म्हणजे जनुक बिघडलेले जिवाणू, सापडले जे मधोमध विभागायच्या ऐवजी टोकाशी विभागायचे, आणि टोकाशी एक छोटीशी गोल पेशी तुटून पडायची. मिनीसेल. तिला भिंत आहे, प्रथिनं आहेत, काही काळ श्वासही घेते, डीएनए मात्र नाही. सगळं दिसायला घरासारखं आणि सातबाऱ्यावर नाव नाही. मी ते फोटो बघत होते आणि मला संध्याकाळच्या एसटीच्या खिडकीतली आत्या दिसायला लागली, ओटीतला नारळ मांडीवर घेतलेली. पुढचा अर्धा तास मी काही वाचलं नाही.

साध्या ई. कोलायमध्ये हे होऊ नये म्हणून मिन नावाची प्रथिनं असतात. १९९९ मध्ये रास्किन आणि डी बोअर यांनी बघितलं की मिन-डी पेशीच्या या टोकाला जमतं, मग त्या टोकाला, परत या टोकाला, साधारण मिनिटभरात एक फेरी, रात्रीच्या गस्तीवाल्यासारखं. टोकांना त्याचा वावर जास्त, मधे सरासरी सगळ्यात कमी, म्हणून विभागणीची कडी मधेच बसते. इथेही मध्य कुणी मोजत नाही. मोजणीवाले नाहीत, टेप नाही.

आणि चुंबकवाल्या जिवाणूंचं तर विचारूच नका. १९६३ मध्ये इटलीत बेलिनी नावाच्या डॉक्टरला आणि नंतर १९७५ मध्ये अमेरिकेत ब्लेकमोरला चिखलात असे जिवाणू दिसले जे चुंबकाच्या दिशेने पोहतात. आत मॅग्नेटाइटचे बारीक खडे, एका धाग्यावर ओवल्यासारखे माळेत. आता ही माळ वाटायची कशी? खडे एकमेकांना चुंबकाने धरून बसलेत. म्हणून ती पेशी विभागताना एका बाजूनेच आत चेपते आणि मग वाकते, आपण चिक्की मोडताना वाकवून तोडतो तशी, माळ तुटते, अर्धी इकडे अर्धी तिकडे. सरळ ओढून तुटणार नाही हे कुणीतरी ओळखलं असावं असं वाटतं, पण ओळखणारं कुणी नाही. सातव्या हंड्याला हा उपाय चालला नसता.

आता लोक या सगळ्यावर स्वार व्हायला बघतायत. पहिली पायरी डबे हलवायची. २०१२ मध्ये गंधकवाल्या जिवाणूची कार्बॉक्सीझोमची जनुकं ई. कोलायमध्ये घातली आणि तिथे डबे तयार झाले. २०२० मध्ये सॅव्हेजच्याच बर्कलीतल्या लॅबने वीस जनुकं घालून ई. कोलायला अशा अवस्थेत आणलं की त्याची वाढ साध्या हवेतला कार्बन डायऑक्साइड रुबिस्कोकडून पकडण्यावर अवलंबून राहिली. २०२३ मध्ये लिव्हरपूलच्या गटाने तंबाखूच्या हरितलवकात अख्खे कार्बॉक्सीझोम बसवले, तंबाखूचं स्वतःचं रुबिस्को काढून. ती झाडं वाढली, पण एक टक्का कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत, म्हणजे आपल्या हवेच्या कितीतरी पट. कारण डबा बसवला तरी बायकार्बोनेट आत ओढणारे पंप अजून नाहीत. अशा बातमीवर "आता भात दुप्पट पिकणार" असे मथळे येतात तेव्हा मला चीड येते, कारण मूळ काम इतकं सुंदर आहे की त्याला हे खोटे दागिने घालायची गरज नाही.

दुसरी पायरी जागेची, आणि माझा जीव तिथे अडकलाय. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठात मार्टिन वॉरेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक भारी युक्ती केली, अशाच एका दुसऱ्या डब्याच्या कवचाचं प्रथिन जरा बदलून घेतलं तर त्याचे डबे न होता लांब धागे झाले, ई. कोलायच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या धाग्यांवर अल्कोहोल करणारी दोन एन्झाइम शेजारी शेजारी बांधली आणि अल्कोहोल वाढलं. दोन कामगार तेच, फक्त टेबलं जवळ आणली. आणि एमसीडीसारख्या जोड्यांमध्ये अशी शक्यता दिसते की शेळीला शेळीपण देणारा भाग अगदी छोटा असतो, या घराण्यातल्या बऱ्याच जोडीदारांत तो प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला असलेला बारकासा शेपटा असतो. तो तुकडा कापून आपल्याला हव्या त्या गोळ्याला, हव्या त्या डब्याला जोडला तर तोही चरायला लागेल का, ओळीत बसेल का, वाटणीत दोन्हीकडे जाईल का. औषध बनवणारे जिवाणू मोठ्या टाकीत पिढ्यानपिढ्या वाढवताना हा प्रश्न नुसता शोभेचा राहत नाही, आत घातलेला डबा चार पिढ्यांनी अर्ध्या पेशींत नसेल तर टाकी अर्धी फुकट. अडचण एवढीच की एका माळावर अनेक कळप असतात. गंधकवाल्या हॅलोथायोबॅसिलसमध्येच २०२३ मध्ये दिसलं की याच घराण्यातली वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळं सामान सांभाळतात, गुणसूत्राला एक, कार्बॉक्सीझोमला एक, पोहायच्या शेपटीला एक, वास घेणाऱ्या प्रथिनांच्या पुंजक्याला एक. प्रत्येक शेळी आपलंच गवत ओळखते. नवीन शेळी सोडताना तिने दुसऱ्याच्या गवतात तोंड घालता कामा नये.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात चुलतभावाला फोनवर सांगत होते. काकांचा मुलगा, आता शेती तोच बघतो, दोन्ही बाजूंची, आमची त्याला वाट्याने दिलीय. तो ऐकून घेतो बिचारा. शेवटी म्हणाला, "मग आपल्या उसाला काय फायदा त्याचा?"

मी म्हणलं, उसाला नको. उसाने स्वतःचा डबा आधीच करून ठेवलाय. १९६५-६६ मध्ये हवाईच्या साखर मळेवाल्यांच्या लॅबमधल्या लोकांनी आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका साखर कंपनीच्या लॅबमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानावरच हे शोधलं, ऊस आधी बाहेरच्या पेशीत कार्बन पकडतो आणि मग शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन रुबिस्कोसमोर गर्दी करतो. पेशीच्या आत डबा करायच्या ऐवजी पेशींचाच डबा केला. ज्वारी, मका, ऊस तिघांकडे ही सोय आहे, भात-गव्हाकडे नाही, सोयाबीनकडे नाही.

"म्हंजे सोयाबीनला लागंल."

"हो, पण अजून लांब आहे."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या शेळ्यांचं बरं सांगितलंस. पण तीनच डबे असले तर? दोघींना कसे वाटायचे?"

मी म्हणलं, एकीला दोन, एकीला एक. जिला एक मिळाला ती मग अजून बांधते, मोठी होता होता.

"आन् माळ्यावर नाही टाकत कुणी?"

आम्ही दोघंही हसलो. मग त्याला ठेवायचं होतं, लाईट रात्री दोनला येणार होती आणि या आठवड्यात पाण्याची पाळी आमच्या बाजूची होती.